प्रोबचे नाव मराठीत लिहिले आणि ड्रायव्हर बिघडला : एसप्रिंटएफऐवजी नेमके काय वापरावे?

गंजीचा राखणदार (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. आमच्या गावाजवळच्या एका जिनिंगमध्ये दिवाळीनंतर आवक वाढली की आवारातील ओट्यांवर कापसाच्या गंज्या लागतात, आणि ओलसर माल खाली दबला गेला तर गंजी आतून तापू लागते. बाहेरून हात लावून ते कळत नाही. म्हणून गंजीत खुपसण्याच्या लांब सळ्यांवर तापमान आणि ओलावा मोजणारे प्रोब बसवायचे, सर्व तारा एका पेटीत आणायच्या आणि ती पेटी आयटूसी बसने (चिपा जोडणाऱ्या दोन तारांच्या वाहिनीने) एका छोट्या लिनक्स बोर्डाला जोडायची, असे काम मी अंगावर घेतले आहे. बोर्डासोबत मिळालेला कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.१९ शाखेचा आहे. ड्रायव्हर, म्हणजे पेटीशी बोलणारा कर्नलमधील कोड, मीच लिहिला; कर्नलमध्ये काम करण्याची ही पहिलीच वेळ असल्याने जुने नमुने पाहत पाहत लिहिला, हे आधीच कबूल करतो.

प्रत्येक प्रोबसाठी एक स्ट्रक्चर आहे. त्यात सुरुवातीला नावासाठी ३२ जागांचा कॅरेक्टर अॅरे आहे आणि त्याला लागूनच ३२ बिटांचे तीन पूर्णांक आहेत : पहिला ऑफसेट, दुसरा गुणक आणि तिसरा इशाऱ्याची मर्यादा, जी मी अंशाच्या हजाराव्या भागात ठेवतो, म्हणजे ६० अंशांसाठी ६००००. कार्यालयातील संगणकावरचे पान हे नाव सिसएफएसमधील (कर्नलमधील माहिती फाईलींच्या रूपात दाखवणाऱ्या व्यवस्थेतील) एका फाईलमध्ये लिहिते (शेवटी नवी ओळ न जोडता), आणि माझे फंक्शन ते एसप्रिंटएफने (साच्यानुसार मजकूर तयार करून दिलेल्या जागी लिहिणाऱ्या फंक्शनने) थेट त्या अॅरेत उतरवते.

इतके दिवस नावे रोमन लिपीत होती आणि सर्व सुरळीत चालले होते. मागील आठवड्यात मुनीमजींनी नावे मराठीत हवीत असे सांगितले, म्हणून पहिल्या प्रोबला ‘पूर्वेकडची गंजी’ असे नाव दिले. त्या क्षणापासून त्या प्रोबचे तापमान काहीच्या काही दिसू लागले आणि मर्यादेच्या फाईलमध्ये ६०००० ऐवजी ८४३१०७२ हा आकडा आला. बोर्ड बंद करून पुन्हा सुरू केला, तारा तपासल्या, पेटी बदलून पाहिली. नाव पुन्हा लिहिताच नेमका तोच आकडा परत येतो.

नावासाठी ३२ जागा आहेत आणि या नावात अक्षरे सातच आहेत. मग जागा अपुरी कशी पडली, आणि एसप्रिंटएफच्या जागी काय लिहिणे योग्य ठरेल?

बाइटमोजणी (वर्धा)

आपण तो आकडा जसाच्या तसा लिहिलात हे फार बरे झाले, कारण उत्तर त्या आकड्यातच आहे. ८४३१०७२ ही संख्या सोळाच्या पायात मांडा आणि बोर्डाचा प्रोसेसर सर्वांत लहान बाइट आधी ठेवतो हे लक्षात घेऊन उलट्या क्रमाने वाचा. ई०, ए५, ८० आणि शून्य असे चार बाइट मिळतील. यातील पहिले तीन म्हणजे युनिकोडमधील दीर्घ वेलांटीचे यूटीएफ-८ (चिन्हे बाइटांत साठवण्याची पद्धत) रूप आणि चौथा म्हणजे मजकुराची समाप्ती दाखवणारा शून्य बाइट. आपल्या मर्यादेच्या जागी ‘गंजी’मधील शेवटची वेलांटी जाऊन बसली आहे.

आता मोजणी करू. सी भाषेतील तो अॅरे अक्षरे मोजत नाही, बाइट मोजतो. देवनागरीतील प्रत्येक युनिकोड चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, आणि येथे काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, इतकेच काय पण जोडाक्षरातील हलन्त हेही स्वतंत्र चिन्ह असते. ‘पूर्वेकडची’ या शब्दात अशी दहा चिन्हे आहेत, म्हणजे ३० बाइट. नंतरची मोकळी जागा एक बाइट. ‘गंजी’ची चार चिन्हे म्हणजे १२ बाइट. एकूण ४३, आणि समाप्तीचा एक धरून ४४. अॅरे ३२ चा असल्याने उरलेले १२ बाइट पुढे सांडले, आणि पुढे चार-चार बाइटांचे आपले तीन पूर्णांक होते. ते तिन्ही बरोबर झाकले गेले. ऑफसेट आणि गुणक यांच्या जागी अक्षरांचे तुकडे आल्यामुळे तापमान काहीच्या काही दिसते.

यातील गंभीर गोष्ट मात्र तापमानाची नाही. चुकीचे तापमान कोणाच्या तरी डोळ्यांत भरले असते. आपली मर्यादा आठ हजार चारशे एकतीस अंशांवर गेली होती, म्हणजे गंजी पेटली असती तरी भोंगा वाजला नसता, आणि हे कोणालाही दिसले नसते.

एसप्रिंटएफला समोरचे भांडे किती मोठे आहे हे सांगण्याची सोयच नाही. कर्नलमधील एसप्रिंटएफ आतून तेच सामान्य फंक्शन बोलावते आणि आकार म्हणून पूर्णांकाची कमाल मर्यादा देऊन मोकळे होते. नुसते नाव उतरवायचे असेल तर येथे स्वरूपणाची (साच्यात मजकूर-आकडे बसवण्याची) गरजही नाही, स्ट्रएससीपीवाय वापरा. ते ४.३ पासून कर्नलमध्ये आहे, समाप्तीचा शून्य बाइट नेहमी ठेवते आणि मजकूर मावला नाही तर ऋण त्रुटिसंकेत परत देते. स्ट्रएनसीपीवाय वापरू नका, कारण मजकूर नेमका अॅरेएवढा किंवा त्याहून मोठा असेल तर ते समाप्तीचा बाइट ठेवत नाही. जुन्या नमुन्यांत स्ट्रएलसीपीवाय दिसेल; ते ६.८ मध्ये कर्नलमधून काढूनच टाकले आहे.

संत्र्याची बाग (वरूड)

वरील उत्तरात एक भर घालतो. स्ट्रएससीपीवाय मजकूर बाइटावर कापते, अक्षरावर नाही. त्याने ३२ च्या अॅरेत आपले नाव उतरवले तर ३१ बाइट राहतील, म्हणजे योगायोगाने ‘पूर्वेकडची’ आणि पुढची मोकळी जागा, आणि सर्व ठीक आहे असे वाटेल. दुसऱ्या नावात तोच काप एखाद्या चिन्हाच्या मधोमध पडेल आणि पडद्यावर प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसेल. कापलेल्या जागेपासून मागे सरकत ८० ते बीएफ या टप्प्यातील बाइट ओलांडत चिन्हाच्या पहिल्या बाइटापर्यंत येणे शक्य आहे, परंतु तेवढ्यानेही मराठी सुरक्षित राहत नाही, कारण ‘र्वे’मधील हलन्तानंतर काप पडला तर यूटीएफ-८ शुद्ध राहूनही शब्द लंगडा होतो. माझ्या मते ड्रायव्हरने अशी शस्त्रक्रिया करू नये. नाव मावत नसेल तर लिहिण्याच्या फंक्शनमधून त्रुटी परत द्यावी, जुने नाव तसेच ठेवावे आणि संगणकावरील पानाने ‘नाव लांब आहे’ असे मुनीमजींना सांगावे.

गंजीचा राखणदार

दोघांचेही मनापासून आभार. वेलांटीचा उलगडा वाचून मी स्वतः कागदावर बाइट मांडून पाहिले आणि ऑफसेटच्या जागी अनुस्वाराचे दोन बाइट सापडले.

आता पुढची अडचण सांगतो. नावाचा अॅरे ६४ चा केला, स्ट्रएससीपीवाय घातले आणि नाव मोठे असल्यास त्रुटी परत देतो. तेवढ्यावर न थांबता ड्रायव्हरमधील सर्व एसप्रिंटएफ काढून त्या जागी एसएनप्रिंटएफ (ज्याला जागेचा आकारही सांगता येतो) लिहिले. सर्व प्रोबची स्थिती एकत्र दाखवणारी एक फाईल आहे; तिच्यात मी प्रत्येक प्रोबची ओळ लिहितो, फंक्शनने परत दिलेली संख्या लांबीत मिळवतो आणि पुढच्या ओळीसाठी ‘पान वजा लांबी’ एवढा आकार देतो (येथे पान म्हणजे स्मृतीचा ठरावीक तुकडा). चाचणीसाठी ४८ प्रोबना तेच नाव दिले. ओळीच्या सुरुवातीला दोन आकडी क्रमांक व मोकळी जागा, मग नाव, मग मापे, अशी प्रत्येक ओळ ९० बाइटांची होते. फाईल वाचली तर पहिल्या ४५ ओळी नीट येतात, ४६ वी ‘गंजी’च्या शेवटी चौकोन दाखवून तुटते, आणि ४७ व ४८ दिसतच नाहीत. कर्नलच्या लॉगमध्ये एक मोठा इशारा येतो, पण तो पहिल्याच वाचनाला; नंतर कितीही वेळा वाचले तरी तो पुन्हा येत नाही. आकार दिलेला असूनही हे का व्हावे?

बाइटमोजणी

एसएनप्रिंटएफ किती लिहिले हे सांगत नाही. जागा असती तर किती लिहिले असते हे सांगते. सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणात तसेच ठरले आहे आणि वापरकर्त्याच्या बाजूच्या प्रोग्रॅममध्ये ते उपयोगीही आहे, कारण आधी लांबी विचारून मग तेवढी स्मृती घेता येते. परंतु परत आलेली संख्या लांबीत मिळवत जाणाऱ्या आपल्यासारख्या कोडमध्ये तीच घातक ठरते.

आपल्या आकड्यांवरच पाहू. सिसएफएस वाचनासाठी एक पान देते, आपल्या बोर्डावर ४०९६ बाइटांचे. ४५ ओळींचे ४०५० झाले. उरले ४६, त्यातील एक समाप्तीला, म्हणजे मजकुराला ४५. क्रमांक व मोकळी जागा यांचे तीन बाइट गेले आणि ४३ बाइटांच्या नावाला ४२ च मिळाले. वेलांटीचा तिसरा बाइट बाहेर राहिला, तोच आपला चौकोन. येथपर्यंत काहीही सांडलेले नाही. परंतु फंक्शनने परत ९० दिले, आपण ते मिळवले आणि लांबी ४१४० झाली. आता ४७ व्या ओळीसाठी ४०९६ वजा ४१४० हे उत्तर उणे ४४ यायला हवे, पण आकाराचा प्रकार चिन्हविरहित असल्यामुळे त्याची प्रचंड मोठी संख्या होते, आणि बफरचा पत्ता तर आधीच पानाच्या पलीकडे गेलेला असतो.

येथे आपल्याला कर्नलने वाचवले. त्याचे स्वरूपण करणारे मूळ फंक्शन आकार पूर्णांकाच्या कमाल मर्यादेपेक्षा मोठा दिसला की एकदाच इशारा देते आणि काहीही न लिहिता शून्य परत करते. म्हणून ४७ आणि ४८ गायब, आणि म्हणूनच इशारा एकदाच. शेवटी आपण ४१४० परत दिल्यावर सिसएफएसलाही ती संख्या पानापेक्षा मोठी दिसते आणि ते ती ४०९५ वर आणते. लॉगमध्ये ‘बॅड काउंट’ अशी ओळ शोधा, सापडेल.

सर्वच ठिकाणी अशी राखण नसते. आपण डीबगएफएसची (केवळ तपासणीसाठी असलेल्या तशाच व्यवस्थेची) फाईल स्वतः लिहिली असती, २५६ बाइटांच्या स्थानिक बफरमध्ये एसएनप्रिंटएफने मजकूर तयार केला असता आणि परत आलेली संख्या तशीच ‘वापरकर्त्याला इतके बाइट दे’ म्हणून पुढे दिली असती, तर ३०० उत्तर आल्यावर बफरच्या पलीकडचे ४४ बाइट, म्हणजे कर्नलच्या स्टॅकमधील जे काही असेल ते, बाहेर गेले असते.

एससीएनप्रिंटएफ वापरा. नावात एक ‘सी’ जास्त आहे, आणि ते प्रत्यक्ष लिहिलेले बाइटच मोजून देते. त्यामुळे लांबी ४०९५ च्या पुढे जाऊच शकत नाही आणि वजाबाकी कधी एकच्या खाली येत नाही. सिसएफएससाठी तर त्याहून चांगली सोय आहे : सिसएफएस एमिट, आणि ओळीमागून ओळ लिहिण्यासाठी सिसएफएस एमिट अॅट. त्यांना आकार सांगावाच लागत नाही, कारण पानाचा आकार त्यांना ठाऊक असतो, आणि दिलेला बफर पानाच्या सीमेवर सुरू होत नसेल तर ती इशारा देतात. म्हणूनच ती फक्त सिसएफएसच्या वाचन-फंक्शनमध्ये वापरायची. स्वतः मागून घेतलेल्या बफरवर नाहीत.

वर्धेकाठ (आर्वी)

सिसएफएस एमिट ५.१० मध्ये आले, त्यामुळे ४.१९ वर ते मिळणार नाही असे आपल्याला वाटेल; तरी आधी हेडर फाईलमध्ये शोधून पाहा. मार्च २०२१ मध्ये आयस्कझीच्या (नेटवर्कवरून डिस्क जोडण्याच्या) उपप्रणालीतील सीव्हीई-२०२१-२७३६५ क्रमांकाची सुरक्षा-त्रुटी दुरुस्त करताना ही दोन्ही फंक्शने जुन्या स्थिर शाखांतही नेली गेली, आणि त्यांत ४.१९ होती. आपला कर्नल त्या तारखेनंतरच्या स्थिर आवृत्तीवरून घेतला असेल तर ती असतील. नसतील तर एससीएनप्रिंटएफला पानाचा आकार द्या. काम तेच होते.

त्या त्रुटीचा येथे उल्लेख करण्याचे कारण असे की तिचा साचा आपल्या गंजीसारखाच होता. वापरकर्त्याच्या बाजूने आलेली मजकुराची किंमत लांबीचे बंधन न घालता साठवली जात होती आणि नंतर कोणी सिसएफएसची फाईल वाचली की एसप्रिंटएफ ती एका पानात ओतत असे. हा कोड २००६ पासून कर्नलमध्ये होता; पंधरा वर्षे तो अनेकांनी वाचला असेल. फरक एवढाच की तेथे सामान्य वापरकर्त्याला रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकारांपर्यंत जाण्याची वाट मिळत होती आणि आपल्याकडे फक्त मुनीमजी होते.

आता आपल्याला कदाचित न रुचणारे सांगतो. ४८ ओळींची ती फाईल सिसएफएसमध्ये असायलाच नको. सिसएफएसचा दंडक एका फाईलमध्ये एक किंमत असा आहे, आणि तो मोडल्यामुळेच पान भरण्याचा प्रश्न उभा राहिला. एससीएनप्रिंटएफ वापरूनही ४६ वी ओळ तुटेल आणि शेवटचे दोन प्रोब गायबच राहतील. फरक एवढाच की आता लॉगमध्येही काही दिसणार नाही. गंजीच्या राखणीसाठी तर हे अधिकच वाईट. स्मृती बिघडली नाही म्हणून माहिती पूर्ण पोचली असे होत नाही.

कर्नलमध्ये तापमान व आर्द्रतेसाठी एचडब्ल्यूमॉन ही उपप्रणाली आहेच. तिच्यात प्रत्येक तापमानाची वेगळी फाईल, नावाची वेगळी फाईल आणि कमाल मर्यादेची वेगळी फाईल असते, आणि एकक आपण निवडले तेच, अंशाचा हजारावा भाग. आपला ड्रायव्हर केवळ संख्या आणि नावाचा पॉइंटर (स्मृतीतील पत्ता) परत देतो. मजकूर तयार करण्याचे काम एचडब्ल्यूमॉनचा गाभा करतो. मग आपल्या कोडमध्ये स्वरूपणाची एकही ओळ उरत नाही. अपूर्णांकाचा घोळही टळतो : कर्नलच्या स्वरूपणात दशांश संख्येची सोय नाही, आणि लोक दहाने भागून भागाकार व बाकी वेगवेगळे छापतात, तेव्हा उणे अर्धा अंश ‘शून्य टिंब उणे पाच’ असा उमटतो. आपल्याकडे उणे तापमान कुठले, असे म्हणाल. तार तुटलेल्या प्रोबला ऋतूंशी देणेघेणे नसते. सर्व प्रोब एकत्र पाहण्याची सोय केवळ तपासणीसाठी हवी असेल तर डीबगएफएसमध्ये सेक्फाईलच्या मदतीने द्या. बफर लहान पडला तर तो मोठा घेऊन पुन्हा लिहिण्याचे काम सेक्फाईल स्वतः करते.

गंजीचा राखणदार

एचडब्ल्यूमॉनचे नाव ऐकले होते, परंतु ते केवळ संगणकाच्या पंख्यांसाठी असते असा माझा समज होता. दोन रात्री बसून (दिवसा जिनिंगची वीज आणि लोक दोन्ही मोकळे नसतात) ड्रायव्हर तसा बदलला. ओलावा मात्र कापसातील आहे, हवेतील नाही. त्यासाठी वेगळी फाईल ठेवली आणि तिच्यात सिसएफएस एमिट वापरले. आमच्या ४.१९ मध्ये ते सापडले.

एकच विचित्र गोष्ट राहिली आहे. मुनीमजींनी एका प्रोबचे नाव ‘ओलावा ८% च्या आत’ असे ठेवले. नाव बदलल्याची नोंद मी डेव्हइन्फोने लॉगमध्ये करतो. ती ओळ ‘ओलावा ८’पाशी तुटली, आणि स्वरूपातील असमर्थित चिन्ह काढून टाका असा कर्नलचा इशारा आला. नाव तर फक्त ४० बाइटांचे आहे, अॅरेत आरामात मावते.

बाइटमोजणी

डेव्हइन्फोला आपण नावच थेट स्वरूप, म्हणजे छपाईचा साचा, म्हणून दिले असणार. म्हणजे टक्क्याचे चिन्ह मजकूर राहिले नाही, आज्ञा झाली. त्यापुढची मोकळी जागा कर्नलने स्वरूपाचा भाग म्हणून गिळली, नंतर ‘च’चा पहिला बाइट आला, तो ओळखीचा नव्हता, म्हणून काम तेथेच थांबले. टक्क्यापुढे योगायोगाने रोमन ‘एस’ आला असता तर ड्रायव्हरने न दिलेला पॉइंटर कर्नलने कुठून तरी उचलला असता आणि त्या पत्त्यावरचा मजकूर छापायला गेला असता. उपाय एका शब्दाचा आहे : स्वरूप नेहमी आपण लिहिलेले स्थिर वाक्य असावे, ‘टक्का-एस’ (म्हणजे ‘येथे मजकूर भर’), आणि नाव त्याच्यापुढे वेगळे द्यावे.

ही चूक नवशिक्यांचीच असते असे नाही. ब्रॉडकॉमच्या वायरलेस कार्डांसाठी कर्नलमध्ये असलेल्या बी४३ ड्रायव्हरमध्ये २०१३ साली नेमकी हीच सापडली होती. मॉड्यूलला दिलेल्या एका पॅरामीटरचा मजकूर फर्मवेअर न सापडल्याच्या संदेशात थेट स्वरूप म्हणून जात होता. कंपायलर याबाबत सावध करू शकतो, परंतु कर्नलची मूळ मेकफाईल तो इशारा बंद ठेवते. आपल्या ड्रायव्हरच्या मेकफाईलमध्ये ‘फॉरमॅट-सिक्युरिटी’चा इशारा स्वतः सुरू करा आणि एकदा सर्व पुन्हा बांधून पाहा.

लॉगमध्ये पॉइंटर छापत असाल तर तेही पाहून घ्या. ४.१५ पासून साधा ‘टक्का-पी’ खऱ्या पत्त्याऐवजी त्याचा हॅश (पत्ता लपवणारी सांकेतिक संख्या) छापतो, हे योग्यच आहे. जुन्या नमुन्यांत शेवटी ‘एक्स’ जोडून खरा पत्ता छापलेला असेल तर तो काढून टाका.

संत्र्याची बाग

पेटीकडून येणारा अनुक्रमांक छापत असाल तर तेथेही पाहा. अशी उपकरणे बहुधा ठरावीक १६ बाइट पाठवतात आणि शेवटी शून्य बाइट असेलच याची हमी नसते. अशा वेळी साधा ‘टक्का-एस’ पुढच्या स्मृतीत वाचत जातो. टक्का आणि एस यांच्यामध्ये टिंब व तारा घालून लांबी म्हणून १६ द्या.

गंजीचा राखणदार

इशारा सुरू करून बांधले. असे आणखी तीन कॉल सापडले, त्यांतील एक नेमका पेटीच्या अनुक्रमांकाचा. तिन्ही बदलले. आज ४८ प्रोबना मुद्दाम लांबलचक मराठी नावे देऊन पाहिली. जी ६३ बाइटांपेक्षा मोठी होती ती नाकारली गेली, जुनी नावे तशीच राहिली आणि प्रत्येक मर्यादा वाचून पाहिली तर ६०००० च आहे. एका प्रोबची मर्यादा ३० अंशांवर आणून तो दुपारच्या उन्हात ठेवला, तेव्हा भोंगाही वाजला. मुनीमजींना पानावर ‘नाव लांब आहे’ ही सूचना दिसली, आणि त्यांनी ‘पूर्वेकडची मोठी गंजी, विहिरीजवळची’ सोडून ‘विहीर गंजी’ असे लिहिले.